लहान मुलें आणि लग्नाचे प्रश्न

लग्नाचा विषय घरांत मोठ्या माणसांनीं काढण्यापूर्वींच मुलांनीं काढलेला असतो. भातुकलीच्या खेळांत बाहुला-बाहुलीचें लग्न लागतें. एक मुलगी विहीण होते, ती रुसते, आणि मानपानावरून खरेंखुरें भांडण होतें. कार्तिकांत तुळशीचें लग्न असतें, तेव्हां अंतरपाट धरावयास मुलेंच पुढें असतात. आमच्या गोरेगांवांत तर 1977 सालापासून चित्रनगरी आहे. तेथें चित्रित होणाऱ्या मालिकांतलीं लग्नें आठवडेच्या आठवडे चालतात, आणि पांच वर्षांचें मूल आजीच्या मांडीवर बसून तीं पाहतें. मग एके दिवशीं तें विचारतें, ‘आई, लग्न कां करतात?’ किंवा, ‘तुमच्या लग्नाला मला कां नेलें नाहींत?’

या प्रश्नांवर आपल्याकडे दोन उत्तरें ठरलेलीं आहेत: एक हंशाचें, दुसरें दटावणीचें. हंसणारीं माणसें पुढें जाऊन शेजारच्या मुलाचें नांव घेऊन मुलीला चिडवतात. चार दिवसांत ती त्याच्याशीं खेळणें सोडते. दटावणारीं माणसें ‘मोठी झालीस कीं कळेल’ म्हणून वाटेला लावतात. परिणाम एकच होतो. हा विषय लाजेचा आहे, घरांत विचारण्याचा नाहीं, एवढेंच मूल शिकतें. लग्नाविषयींचा साधा प्रश्न विचारावयास जें मूल कचरतें, तें उद्यां कोणी नकोसा स्पर्श केला तर कोणाला सांगणार? खरा धोका येथें आहे.

समर्थ रामदासांची गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगतों. आईच्या शब्दाखातर बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा राहतो, ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतो आणि तो मंडपांतून पळून जातो. मुलांना पळण्याचा भाग फार आवडतो. पण एखादी मुलगी विचारतेच, ‘आणि मग नवरीचें काय झालें?’ येथें बहुतेक मोठीं माणसें गप्प होतात, कारण आपण सांगतों त्या गोष्टींत अंतरपाटापलीकडच्या मुलीला नांव नसतें. हा प्रश्न टाळूं नये. त्या काळीं लहान मुलांचीं लग्नें मोठीं माणसें ठरवीत, मुलीला कोणी विचारीत नसे, आणि तें योग्य नव्हतें, असें सरळ सांगावें.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला याच्या पुढचेंही सांगतां येतें. मुंबईच्या रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं लावून दिलें होतें. मोठेपणीं त्यांनीं सासरीं जाण्यास नकार दिला. 1884 सालीं पतीनें फिर्याद केली; 1887 सालीं हायकोर्टानें हुकूम दिला, कीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें 1888 सालीं पैसे देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेंत शिकून डॉक्टर झाल्या. 1929 च्या सारडा कायद्यानें मुलीचें लग्नाचें किमान वय 14 ठरविलें. आज तें मुलीचें 18 व मुलाचें 21 आहे. लग्न मोठ्या माणसांनीं करावयाचें असतें आणि दोघांनींही मनापासून ‘हो’ म्हणावें लागतें, हें मुलाला एवढ्यावरून पुरतें कळतें.

परंतु नकाराचा हक्क सांगून थांबलों, तर लग्नाची भीतीच मनांत राहील. प्रेमाचेंही सांगितलें पाहिजे. गोरेगांवच्या मुलांना त्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. मृणाल मोहिले व केशव गोरे यांनीं जात वेगळी असूनही 1948 सालीं लग्न केलें. दोघेंही समाजवादी चळवळींतलीं. मृणालताईंनीं तर त्यासाठीं डॉक्टरीचें शिक्षण सोडलें होतें. 1958 सालीं केशवराव वारले, तेव्हां मृणालताई अवघ्या तिशीच्या होत्या, आणि पदरीं लहान मुलगी होती. दोघांनीं मिळून आरंभिलेलें काम त्यांनीं पुढें चालविलें. सारी मुंबई त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणूं लागली. केशव गोरे स्मारक आजही गोरेगांवांत उभें आहे. वरातीच्या थाटापेक्षां हें प्रेम मुलांना दाखवावें.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. उत्तर प्रश्नाएवढेंच द्यावें. पांच वर्षांच्या मुलाला ‘एकमेकांबरोबर राहावेंसें वाटतें म्हणून’ हें पुरे होतें. ‘मी कोठून आलों?’ यास ‘आईच्या पोटांतून’ हें खरें उत्तर आहे. दवाखान्यांतून विकत आणल्याची थाप मारूं नये. ‘तूं परक्याचें धन’ हे शब्द थट्टेंतही मुलीच्या कानीं पडूं देऊं नयेत. आणि ज्या आत्यानें लग्न केलें नाहीं, तिचेंही घर पुरतें घरच आहे, हें मुलांना ऐकूं द्यावें. पाहुण्याला मिठी मारावयाची नसेल, तर बळजबरी करूं नये. आपल्या ‘नको’ला घरांत मान आहे, हें मूल येथेंच शिकतें.

यंदा तुळशीच्या लग्नांत मुलांनीं अंतरपाट धरला, कीं अक्षता टाकून झाल्यावर पांच मिनिटें त्यांच्याजवळ बसा, आणि तीं काय विचारतात तें ऐका.