सीमेपलीकडचा उमेदवार आणि वृत्तपत्रांचे कर्तव्य



आज मी अनेक देशांनी मिळून लढवलेल्या एका निवडणुकीविषयी बोलणार आहे. तिच्यात वृत्तपत्रांचे बळही दिसले आणि त्यांची उणीवही.

लिस्बन करारानुसार युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्षाचे नाव सुचवताना सदस्य देशांच्या प्रमुखांनी युरोपीय संसदेच्या निवडणुकीचा कौल विचारात घ्यायचा असतो. त्याचा आधार घेऊन २०१४ मध्ये युरोपातील प्रमुख पक्षांनी मतदानाआधीच आपापले उमेदवार प्रथम जाहीर केले : लक्झेंबर्गचे ज्याँ-क्लोद युंकर, जर्मनीचे मार्टिन शुल्झ, बेल्जियमचे गी फरहॉफस्टाट, ग्रीसचे आलेक्सिस त्सिप्रास. हरित पक्षाने स्का केलर आणि जोझे बोवे अशी जोडी दिली. मतदार २८ देशांत विखुरलेले, भाषा २४. एवढ्या लोकांना प्रत्यक्ष भेटणे कोणत्या उमेदवाराला शक्य होते? उमेदवारांची ओळख करून देण्याचे काम माध्यमांकडेच आले.

जर्मन वृत्तपत्रांनी शुल्झ-युंकर सामना उचलून धरला. एक आपला माणूस, दुसरा जर्मन उत्तम बोलणारा. ब्रिटनमध्ये मात्र कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष युंकर यांच्या गटात नव्हता आणि मजूर पक्षाने शुल्झ यांना पाठिंबा दिला नाही. तिथल्या प्रचाराच्या बातम्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या युकिप पक्षाभोवती फिरल्या. मतदान संपल्यावर तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन युंकर यांच्याविरुद्ध उभे ठाकले, तेव्हा कुठे युंकर यांचे नाव ब्रिटनच्या पहिल्या पानांवर झळकू लागले. वाचकाला माहिती मिळाली, पण मत देऊन झाल्यावर.

याच निवडणुकीत वृत्तपत्राचे बळही दिसले. निकालानंतर जर्मनीच्या तत्कालीन चान्सलर आंगेला मेर्केल युंकर यांच्याबाबत डळमळल्या, तेव्हा 'बिल्ड' या जर्मन दैनिकातून त्याच्या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख माथियास ड्योप्फनर यांनी बजावले की मतदारांसमोर न आलेल्या तिसऱ्याला हे पद देता येणार नाही. अखेर १५ जुलैला संसदेने ४२२ मतांनी युंकर यांची निवड केली. पाच वर्षांनी सर्वांत मोठ्या गटाचे उमेदवार मानफ्रेड वेबर बाजूला पडले आणि त्या शर्यतीत नसलेल्या उर्सुला फॉन डेर लायेन अध्यक्ष झाल्या. देशप्रमुखांचे राजकारण त्यामागे होतेच. पण मतदारांना फारसा माहीत नसलेला उमेदवार वगळला, तर जाब कोण विचारणार?

हे सारे दूरचे वाटेल. पण युरोपीय संघात कायद्यांचे प्रस्ताव हाच आयोग मांडतो. नाशिकहून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश किती चालेल, हे संघाच्या नियमांवर ठरते. त्या द्राक्षबागायतदारालाही आयोगाचा अध्यक्ष कोण होणार आणि त्याचे शेतीविषयक धोरण काय, हे कळले पाहिजे.

म्हणून माझा आग्रह आहे : उमेदवाराचे गाव आणि पक्ष सांगून थांबू नका. त्याच्या हाती कोणते अधिकार येणार, तो त्यांचे काय करणार आणि आपल्या वाचकाच्या जगण्यावर त्याचा परिणाम काय, हे मतदानाच्या आधी छापा. निकाल लागला की दिलेल्या शब्दाचा हिशेब मागा. सत्ता देशाच्या सीमा ओलांडत असेल, तर तिला जाब विचारणारी पत्रकारिताही सीमा ओलांडणारी हवी.