रिकामी खुर्ची आणि मंत्र्याची चिठ्ठी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



भूमिहीन मजुराचा मुलगा दिवसा मिळेल ते काम करतो, रात्री अभ्यास करतो आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसतो. त्याच्यापाशी ना जमीन, ना मंत्र्याची चिठ्ठी. आपली पारख गुणांवरच होईल, या एका विश्वासावर तो उभा असतो. म्हणून आयोगाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न हा केवळ वकिलांच्या चर्चेचा विषय नाही. तो समतेचा प्रश्न आहे.

घटनाकारांना याची जाण होती. राज्य आयोगाच्या सदस्याची नेमणूक राज्यपाल करतात. परंतु गैरवर्तनासाठी त्याला दूर करावयाचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीनंतर राष्ट्रपतींनाच तो अधिकार आहे. नेमणुकीनंतर त्याच्या सेवाशर्ती त्याला प्रतिकूल अशा बदलता येत नाहीत. आयोगाचा खर्च संचित निधीवर भारित आहे. पुढील सरकारी नोकरीचे आमिष राहू नये म्हणून आयोगांबाहेरील तशी नोकरीही वर्ज्य केली आहे.

सदस्याला बाहेर घालविण्याचे दार असे पक्के बंद केले. आत घेण्याचे दार मात्र मंत्रिमंडळाच्याच हाती राहिले. सुमारे निम्म्या सदस्यांना दहा वर्षांच्या सरकारी सेवेचा अनुभव असावा, याहून अधिक पात्रता घटना सांगत नाही. पंजाब आयोगाच्या अध्यक्षाची नेमणूक २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही रद्द ठरविली, कारण त्याच्या योग्यतेचा विचार झाल्याचे कागदोपत्री दिसत नव्हते.

दुसरी फट सल्ल्याची. अनुच्छेद ३२० प्रमाणे भरतीच्या पद्धती व शिस्तभंगाची प्रकरणे यांत आयोगाचा सल्ला घ्यावयाचा असतो. पण विनियम करून काही बाबी त्यातून वगळण्याची मुभा तोच अनुच्छेद देतो. शिवाय सल्ला न घेतल्याने सरकारी कारवाई अवैध ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात दिला.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा: खुर्ची रिकामी ठेवणे. २०२१ साली महाराष्ट्रात आयोगावरील सदस्यांच्या जागा रिक्त होत्या आणि उत्तीर्ण तरुण मुलाखतींची वाट पाहत होते. रिकाम्या खुर्चीला बडतर्फ करावे लागत नाही!

मग आपण काय करावयाचे? अनुच्छेद ३२३ प्रमाणे आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे येतो, आणि जेथे सल्ला डावलला तेथे कारणेही द्यावी लागतात. सल्ल्यातून सूट देणारे विनियमही किमान चौदा दिवस सभागृहापुढे ठेवावे लागतात. आपल्या प्रतिनिधींनी हे कागद वाचले पाहिजेत, त्यांवर चर्चा मागितली पाहिजे. जागा रिक्त होण्यापूर्वीच नेमणूक व्हावी आणि नेमणुकीचे निकष जाहीर असावेत, ही आपली मागणी असली पाहिजे.

शेवटी एक कटू गोष्ट. उद्या सत्ता आपल्या हाती आली तर आपल्याच दारी चिठ्ठ्या मागणारे येतील. त्यांत आपले सहकारी असतील, त्यांची गरजही खरी असेल. तेव्हा त्या मजुराच्या मुलाची आठवण ठेवा. चिठ्ठी आपल्या माणसाची असली, तरी जागा त्याचीच जाते.