फोन कुणाच्या हातात, कुठल्या भाषेत?

(चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाईल हा काय चळवळीचा विषय झाला, असं कुणी विचारेल. तो दुकानदाराचा, फार तर घरातल्या पोराचा विषय, असं आपणही धरून चालतो. पण आज गरोदर बाईचा आहार, लाडक्या बहिणीचे पैसे, सगळं त्या पडद्यातून जातं. मग तो पडदा कुणासाठी बनवला, हे विचारायलाच हवं.

हे सर्वात आधी विचारलं ते अंगणवाडीच्या बायांनी. 2019 साली शासनाने राज्यभरातल्या सेविकांना स्मार्टफोन दिले. स्मरणशक्ती म्हणजे रॅम 2 जीबी. तापायचा, अडकायचा. 2021 च्या मार्चमध्ये 'पोषण ट्रॅकर' आला, तो अशा फोनला पेलेना. आणि तो इंग्रजीत! आधीच्या अ‍ॅपमध्ये मराठीत माहिती भरणाऱ्या बाईने कुपोषित मुलाचं नाव आता इंग्रजीत लिहायचं. चूक झाली तर मुलाची नोंद चुकणार आणि जाब तिलाच विचारणार. दुरुस्तीचा खर्चही तिच्याच माथी. त्या वेळी मानधन किती? 8,325 रुपये. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. यंत्र नाकारलं नव्हतं त्यांनी, निकामी यंत्र नाकारलं होतं. कितीजणांनी तेव्हा लिहिलं की बायांना तंत्रज्ञान जमत नाही! 2023 च्या फेब्रुवारीतल्या संपातही नवे मोबाईल ही एक मागणी होती. त्यानंतर मानधन 10,000 झालं. ट्रॅकरमध्येही पुढे मराठी आली. भांडल्याशिवाय आली नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता किमतीचं बघू. बरा चालेल असा स्मार्टफोन बाजारात सात-दहा हजारांच्या खाली सहसा मिळत नाही. म्हणजे 2023 च्या संपानंतर सेविकेचं जे महिन्याचं मानधन झालं होतं, जवळपास तेवढं. तेंदूपत्ता तोडणारीचा तर विचारच नको. 1 एप्रिल 2020 पासून मोबाईलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. आठ हजारांच्या फोनमध्ये साधारण 1,220 रुपये कराचे. 2021 च्या दिवाळीत जिओने 6,499 रुपयांचा फोन काढला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची आणि भाषांतराची सोय त्यात दिली होती. स्वस्तातही हे जमतं, मग सरकारी खरेदीत ही अट का नसते?

पण घरात फोन आला म्हणजे बाईचा झाला असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे 54 टक्के निघाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के, पुरुष 57 टक्के. आपल्याकडचं चित्र डोळ्यापुढे आणा. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला, फोन त्याच्या खिशात. 1 जुलै 2025 पासून टीएचआरच्या पाकिटासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली, त्या नोंदणीला ओटीपी लागतो. लाडकी बहीणच्या ई-केवायसीलाही ओटीपी. तो वाजतो तिकडे, बाई उभी इकडे. भामरागडमध्ये पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो, रेंजचं काय घेऊन बसलात!

भाषेचं तर विचारूच नका. गोंडी बोलणारे 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख, पण आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत गोंडी नाही. माडिया बाईला मराठी पडदाही परकाच. पण शेजारच्या छत्तीसगडमध्ये 2010 पासून 'सीजीनेट स्वर' नावाची सेवा साध्या फोनवरून चालली. फोन लावायचा आणि आपल्या बोलीत तक्रार सांगायची. लिहिता-वाचता येण्याची गरजच नाही. बाईला सोपं म्हणजे काय, ते मला इथे दिसतं. मोठा पडदा आणि चार कॅमेरे म्हणजे सोपं नव्हे.

तेव्हा गावागावात बायांना विचारा: घरातला फोन कोण उघडतं, नंबर कुणाच्या नावावर, आधारला कुणाचा जोडलाय? सेटिंगमध्ये भाषा मराठी करता येते, अक्षरं मोठी करता येतात, माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की फोन लिहून घेतो, हे एकमेकींना दाखवा. पैसे लागत नाहीत. आणि कुलूप घालायलाही शिकवा. बाईच्या फोनला कुलूप म्हटलं की घरात भांडण होतं, तेही मला ठाऊक आहे.

शासनाकडे मात्र लेखी मागायचं. अ‍ॅप सक्तीचं करण्याआधी ते आपल्याच तालुक्यातल्या सेविकांच्या हातात देऊन बघा. फोन, दुरुस्ती, रिचार्ज सरकारचा. बोलून भरता येईल अशी सोय, गोंडी-माडियातही. आणि रेंज नसेल, ओटीपी आला नाही, चेहरा जुळला नाही, तर त्या दिवशी वहीत सही घेऊन आहार द्यायचा. निवेदनाचा कच्चा मसुदा मी आणला आहे. जेवणानंतर तालुक्याप्रमाणे बसू आणि त्यात आपापल्या गावांची नावं घालू.