जावा बेटातील करमणूक आणि आपली ओवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



करमणुकीवर चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. करमणूक म्हटली की आपल्या माणदेशात म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा, धनगरांचे गजीनृत्य, जत्रेतला तमाशा आणि आता घरोघरचा मोबाइल एवढे डोळ्यांपुढे येते. मी मात्र तुम्हांला आज समुद्रापलीकडे इंडोनेशियात नेणार आहे. काळजी करू नका, संध्याकाळच्या स्वयंपाकाला सर्वांना परत आणून सोडीन!

इंडोनेशियात बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. तरी तेथील जावा बेटावर रामायण-महाभारताचा खेळ अजूनही रात्ररात्र चालतो. त्याला ‘वायांग’ म्हणतात. म्हशीच्या कातड्याच्या, बारीक जाळी कोरलेल्या बाहुल्या असतात. पांढऱ्या पडद्यावर दिव्याच्या उजेडात त्यांच्या सावल्या हलतात. सर्व बाहुल्या नाचविणारा आणि सर्वांचे आवाज काढणारा ‘दालांग’ एकटाच असतो. साथीला काशाच्या वाद्यांचा मेळ आणि गाणाऱ्या बायका. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकरही कातडी बाहुल्यांचा असाच खेळ करतात. वायांगचा २००३ साली युनेस्कोने गौरव केला. पण मला कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. हा खेळ अंगणात अडकून पडला नाही. आज तो दूरचित्रवाणीवर आणि यूट्यूबवरही पाहायला मिळतो.

दुसरी गंमत पाहा. आपल्या महाभारतातला शिखंडी तिकडे ‘श्रीकंडी’ झाला. ती शूर धनुर्धारी स्त्री, आणि अर्जुनाची पत्नी! १९८८ साली सोल येथील ऑलिंपिकमध्ये तीन इंडोनेशियन मुलींनी धनुर्विद्येत रौप्यपदक मिळविले. त्या देशाचे ते पहिले ऑलिंपिक पदक. लोक त्यांना ‘तीन श्रीकंडी’ म्हणू लागले, आणि २०१६ साली त्याच नावाचा चित्रपटही निघाला. कथा आपल्याकडून गेली, पण त्यांनी तिच्यातून आपल्या लेकींसाठी नाव घडविले.

गाण्याचेही तसेच. ‘डांगडुत’ हा तेथला अत्यंत लोकप्रिय गाण्याचा प्रकार. तबल्यासारख्या वाद्याचे ‘डांग’ आणि ‘डुत’ हे बोल, त्यांवरून हे नाव पडले. त्यात मलय आणि अरबी सुरांबरोबर मुंबईच्या हिंदी चित्रपटगीतांचाही मोठा वाटा आहे. पण त्यांनी ती गाणी नुसती ऐकली नाहीत. आपल्या भाषेत, आपल्या गळ्याने गाइली. म्हणून ती त्यांची झाली.

आपल्याकडे हे होत नाही असे नाही. माणदेशातल्या शेटफळे गावी जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी तीच रामकथा ५६ गीतांत गुंफली. सुधीर फडके यांच्या संगीताने १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ती पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचली. कथा जुनी, साधन नवे.

आता घरचे सांगते. माझ्या सासूबाई पहाटे जात्यावर ओव्या गात. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, पण निवडणटिपण करताना त्यांचे गुणगुणणे चालूच असे. त्या गेल्या. तेराव्याला आम्ही जावा-नणंदा बसून त्यांच्या ओव्या आठवू लागलो, तर चारांच्या पुढे कोणाला एक आठवेना! मी वीस वर्षे त्या ऐकल्या होत्या. वही घरात होती, पेन्सिल होती. रोजचेच गाणे, ते कुठे जाते, असे वाटले, आणि ते गेले.

भगिनींनो, मोबाइलला नावे ठेवायला मी उभी नाही. मीही मालिका पाहते. पण ज्या घरात सगळे ऐकणारेच असतात, गाणारे कोणी नसते, त्या घरातले गाणे एका माणसाबरोबर संपते.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायका आपल्यासारख्याच होत्या. आपल्या म्हसवडलाही २००८ सालापासून ‘माणदेशी तरंग’ ही रेडिओ वाहिनी झाली. साधन दाराशी आले आहे, उणीव आहे ती आपल्या उठण्याची.

म्हणून माझी एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी सासू, आई, आजी, चुलतसासू आहेत, त्यांनी आज रात्रीच त्यांच्याजवळ बसावे. सुनेने वहीत लिहावे, नातीने मोबाइलवर आवाज धरून ठेवावा. आणि पुढच्या वर्धापनदिनी ती ओवी नातीने स्वतः येथे उभे राहून म्हणावी. सूर चुकला तरी चालेल, हसणारे कोणी परके नाही.

माझ्याजवळ चारच ओव्या उरल्या आहेत. त्या मी मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. पुढची पाने तुमची.

बोलताना स्वयंपाकाची वेळ झाली. दिलेला शब्द पाळते आणि आपली रजा घेते.