साथीचा ड्रमर : हॅल ब्लेन



आज ओळख करून घेऊया हॅल ब्लेन यांची.
लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये ते ड्रम वाजवायचे.
आज या गायकासाठी, उद्या त्या गायकासाठी.
समोर स्वरलिपीचा कागद यायचा…
की लगेच वाजवायचं.
वाजवून झालं, की त्या कागदावर ते आपल्या नावाचा रबरी शिक्का उमटवायचे!

काम एकच.
आपण मागे राहायचं… गाणं पुढे न्यायचं.

१९६३ साली 'द रॉनेट्स' या गायिकांच्या गटाचं 'बी माय बेबी' हे गाणं आलं.
सुरुवातीला नुसते ब्लेन यांचे ड्रम.
धम्… धम्-धम्… टाक्!
ब्लेन सांगायचे, स्नेअर ड्रमवरचा एक ठोका चुकून राहिला.
मग तो तसाच राहू दिला.
पुढे कित्येक ड्रमरनी तो ठेका उचलला.

सत्तरच्या दशकात ते गायक जॉन डेन्व्हर यांच्याबरोबर दौऱ्यांवर गेले.
स्टुडिओत ठोका हुकला, तर पुन्हा वाजवता येतो.
मंचावर ती सोय नाही.
गाव बदलतं, श्रोते बदलतात.
लय मात्र ढळता कामा नये.

२००० साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं त्यांचा गौरव केला…
तोही साथीदार म्हणूनच.

साथीदाराचं काम हेच, मंडळी.
आपण मागे राहायचं… गाणं पुढे न्यायचं.