औषधाची मात्रा आणि बीजकोशाची मर्यादा



दहाबारा दिवस रोज इंजेक्शने घेऊनही स्त्रीबीजे दोनच मिळाली, असे दवाखान्यात सांगण्यात येते, तेव्हा घरी परतणाऱ्या स्त्रीच्या मनात प्रश्न उभा राहतो, ‘माझे काय चुकले?’ घरची मंडळी विचारतात, ‘याहून जालीम औषध नाही काय?’

मुलगी जन्मास येते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाखच उरतात आणि पस्तिशीनंतर ही शिल्लक अधिकच वेगाने घटते. बीजकोशावरील शस्त्रक्रिया अथवा कर्करोगावरील उपचार यांमुळे ती लवकर सरते. कित्येकदा कारण सापडतच नाही. अशा वेळी सासरमाहेरच्यांनी तिचा दोष शोधीत बसणे हा निव्वळ अन्याय होय.

इंजेक्शन नवे बीज घडवीत नाही. त्या महिन्यात वाढीस लागलेल्या बीजांना ते केवळ तगविते. शिल्लकच थोडी असेल, तर मात्रा वाढवून काय साधणार? युरोपातील तज्ज्ञसंस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्त्रियांसाठी दररोज ३०० एककांहून अधिक मात्रेची शिफारस नाही. म्हणूनच लेट्रोझोल वा क्लोमिफेनच्या गोळ्या आणि जोडीला अल्प इंजेक्शने, असा सौम्य मार्ग अनेक डॉक्टर सुचवितात. त्यात खर्च व त्रास कमी.

औषधावाचून आपोआप पक्व झालेले एकच बीज घेण्याचाही मार्ग आहे. तो अगदी जुना! इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेले जगातील पहिले ‘टेस्ट-ट्यूब बेबी’ अशा एकाच बीजातून आले. मात्र दर खेपेस यशाची शक्यता थोडी, हे आधीच सांगितले गेले पाहिजे. शिवाय संख्येइतकेच वयही मोलाचे आहे. तिशीतील दोन बीजे आणि बेचाळिशीतील दोन बीजे सारखी नव्हेत. डीएचईए, वाढीचे संप्रेरक इत्यादी महागड्या जोडउपचारांचा लाभ निःसंशय सिद्ध झालेला नाही. पैसे भरण्यापूर्वी तसे स्पष्ट विचारावे.

स्वतःच्या बीजाने यश येत नसेल, तर दात्या स्त्रीचे बीज घेता येते. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार दाती २३ ते ३५ वर्षे वयाची असावी लागते. तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावयाचे आणि तिच्याकडून सातांहून अधिक बीजे काढावयाची नाहीत, असे बंधन आहे. जन्मणारे मूल कायद्याने त्या जोडप्याचेच असते. दवाखाना या कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही, हे मात्र पाहून घ्यावे.

आणि दत्तकाचा मार्ग आहेच. तेथे पती-पत्नीच्या वयाची बेरीज पाहिली जाते व तीवरून किती लहान बालक मिळू शकेल ते ठरते. उपचारांची तिसरी-चौथी फेरी ठरविताना ही बेरीजही मांडून पाहिलेली बरी.