पुरळाचे कारण सापडत नाही तेव्हा



अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावावे, हा उपाय महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. बहुधा ते पित्त काही तासांत विरते आणि त्याचा सर्वांना विसरही पडतो. परंतु ज्या व्यक्तीस आधीच एखादा दीर्घ मुदतीचा स्वयंप्रतिकार विकार जडलेला आहे, तिच्या अंगावर असे काही उठले म्हणजे गोष्ट इतकी साधी राहत नाही. हे मूळ आजाराचे लक्षण समजावे, औषधाचा परिणाम समजावा, की या दोहोंशी संबंध नसलेली तिसरीच बाब समजावी? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पहिल्या भेटीत मिळत नाही. काही वेळा ते कधीच मिळत नाही. अशा अनिश्चित काळात रुग्णाने कसे वागावे आणि भोवतालच्या समाजाने त्यास कशी साथ द्यावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विकाराचे स्वरूप

शरीराची प्रतिकारशक्ती ही बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंशी झुंज देण्यासाठी असते. स्वयंप्रतिकार विकारात हीच शक्ती आपपर भाव विसरते आणि शरीराच्या स्वतःच्या पेशींवर चालून जाते. सांध्यांवर हल्ला झाला तर आमवात, थायरॉइड ग्रंथीवर झाला तर त्या ग्रंथीचा विकार, आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंडे, रक्त अशा अनेक ठिकाणी झाला तर ल्युपस. लॅटिन भाषेत ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसतात, या जुन्या समजुतीतून हे नाव आले. हा आजार मुख्यतः तरुण वयातील स्त्रियांना होतो. दर दहा रुग्णांमध्ये सुमारे नऊ स्त्रिया असतात. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या स्पर्शाने, तिच्या हातच्या अन्नाने वा एका बाकावर बसल्याने तो कोणासही होत नाही.

एक उदाहरण

जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षिकेचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील प्रसंग अशा रुग्णांच्या वाट्याला येणारेच आहेत. या बाईंना चार वर्षांपासून ल्युपस आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या गोळ्यांनी आजार आटोक्यात आहे. शाळा, घर, शेत सारे नीट चालू आहे. पावसाळा सरता सरता त्यांच्या हातांवर आणि गळ्यावर लालसर, खाजरे चट्टे उठू लागतात. सकाळी उठावेत, संध्याकाळी नाहीसे व्हावेत, दोन दिवसांनी दुसरीकडे दिसावेत. तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे जाईतो अंगावर काहीच उरलेले नसते. रक्ताच्या तपासण्यांतही नवे काही आढळत नाही.

येथून सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक शेजारीण वांगी बंद करावयास सांगते, दुसरी डाळ व दूध. औषधांच्या दुकानातून एक मलमाची नळी येते. गावात दबक्या आवाजात महारोगाचे नाव निघते आणि दोन पालक आपल्या मुलांना त्या वर्गातून काढून घेण्याची भाषा करतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘‘एवढ्या गोळ्यांची उष्णताच बाहेर पडते आहे, काही दिवस बंद करून पाहा.’’ खचलेल्या बाई गोळ्या बंद करतात. चट्टे कमी होत नाहीत. मात्र तीन महिन्यांनी गुडघे सुजतात, पायांवर सूज येते, लघवीला फेस येऊ लागतो. त्वचेवरील उपद्रवाच्या भीतीने थांबवलेल्या उपचाराची किंमत आता मूत्रपिंडांना मोजावी लागते.

गोळ्या परस्पर थांबवणे

या उदाहरणातील सर्वांत मोठी चूक हीच होय. कॅनडातील वैद्यकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, आजार स्थिर असलेल्या ४७ ल्युपस रुग्णांपैकी २५ जणांचे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू ठेवले गेले आणि २२ जणांना त्याऐवजी औषधी गुण नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. २४ आठवड्यांत पहिल्या गटातील ९ जणांचा, तर दुसऱ्या गटातील १६ जणांचा आजार उसळला. स्टेरॉइडच्या गोळ्यांची बाब तर याहून गंभीर आहे. त्या दीर्घकाळ घेतल्यावर शरीर स्वतःचे संप्रेरक पुरेसे तयार करीनासे होते. अशा वेळी गोळ्या एकाएकी थांबवल्यास जिवावर बेतू शकते.

याचा अर्थ औषधांमुळे त्वचेवर काही होतच नाही असा नव्हे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनमुळे काहींना खाज सुटते, काहींच्या नडगीवर निळसर काळे डाग पडतात. ल्युपसच्या रुग्णांना सल्फा गटातील औषधे पुष्कळदा सोसत नाहीत. आमवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेल्यास तोंडात फोड येतात व प्रकृती धोक्यात येते. म्हणून औषधाचा संशय जरूर घ्यावा. परंतु तो डॉक्टरांच्या कानावर घालावा आणि गोळी बदलण्याचा वा थांबवण्याचा निर्णय त्यांच्याकडूनच घ्यावा.

मलमाची नळी आणि पथ्याची यादी

दुकानातून सल्ल्यावाचून आणलेल्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने लाली तात्पुरती दबते. पण गजकर्णासारखा बुरशीचा विकार असेल तर तो आतल्या आत पसरतो, चेहऱ्याची त्वचा पातळ होते आणि खऱ्या रोगाचे रूपही झाकले जाते. म्हणूनच केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांचा समावेश औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत केला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचेला बिब्बा लावण्याचा जुना उपायही टाळलाच पाहिजे. निरोगी माणसालाही तो उतला तर फोड येतात. मग आधीच नाजूक झालेल्या त्वचेची काय कथा?

पथ्याच्या बाबतीतही तारतम्य हवे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी थोड्याच वेळात गांधी उठत असतील, तर तो टाळणे योग्यच आहे. परंतु केवळ संशयाने डाळ, दूध, अंडी, भाज्या एकामागून एक वर्ज्य करीत गेल्यास पुरळ राहते ते राहतेच आणि वर अशक्तपणाची भर पडते. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या पित्ताच्या गांधींचे मूळ बहुतेक रुग्णांत कोणत्याही पदार्थात सापडत नाही. पुष्कळांत शरीराचीच प्रतिपिंडे त्यास कारण असतात, आणि थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार विकाराशी या गांधींचे साहचर्य वारंवार आढळते.

निरीक्षणाचे महत्त्व

कारण ठाऊक नसतानाही रुग्णाच्या हाती एक मोठे साधन असते, ते म्हणजे वही. चट्टा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोठे उठला. त्याआधी उन्हात किती वेळ गेला. कोणते नवे औषध, वेदनाशामक गोळी, काढा वा चूर्ण घेतले. ताप, सांधेदुखी वा मासिक पाळी होती काय, याची नोंद करावी. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे दवाखान्यात पोहोचेपर्यंत चट्टा विरला तरी पुरावा उरतो.

आणखी एक सोपी कसोटी आहे. नव्या चट्ट्याभोवती पेनाने गोल काढून वेळ लिहावी. साध्या पित्ताची गांधी २४ तासांच्या आत त्या जागेवरून जाते. ती त्याहून अधिक काळ टिकली, खाजेपेक्षा आग अधिक झाली आणि जाताना मुका मार लागल्यासारखा डाग राहिला, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह असण्याचा संभव असतो. अशा वेळी त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो.

जागाही बोलकी असते. ल्युपसचे पुरळ गालांवर आणि नाकाच्या वरच्या भागावर फुलपाखराच्या आकारात उमटते. नाकपुडीपासून ओठाकडे जाणारी घडी बहुधा मोकळी राहते. उन्हाने येणारे पुरळ हनुवटीखाली व कानामागे सहसा येत नाही. याउलट पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात नजरेत भरलेले आणि पुढे राज्यभर माजलेले गाजर गवत हवेतून त्रास देते. त्याचे पुरळ पापण्यांवर, मानेच्या व कोपराच्या घड्यांत, कानामागेही उठते. ल्युपसच्या रुग्णालाही गाजर गवत बाधू शकते, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक चट्ट्याचे खापर जुन्या आजारावर फोडणे ही देखील चूकच.

काही लक्षणे मात्र वहीत नोंदवून थांबण्याजोगी नसतात. पुरळाबरोबर ताप येणे, तोंडात वा डोळ्यांत व्रण होणे, त्वचेवर फोड येऊन ती सुटू लागणे, दाबल्यावर फिके न पडणारे जांभळे ठिपके उठणे, ओठ वा जीभ सुजणे, श्वास लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. लघवीला फेस आणि पायांवर सूज ही चिन्हेही विलंब सहन करीत नाहीत.

समाजाचा वाटा

रुग्णाच्या धीराइतकाच भोवतालच्या माणसांचा समंजसपणा येथे महत्त्वाचा आहे. ल्युपसला ऊन बाधते आणि ढगाळ हवेतही अतिनील किरण पोहोचतात. म्हणून मुख्याध्यापकांनी अशा शिक्षिकेस किंवा विद्यार्थिनीस परिपाठाच्या वेळी सावलीत उभे राहण्याची, पूर्ण बाह्यांचे कपडे व छत्री वापरण्याची मोकळीक द्यावी. अधिकाऱ्यांनी जनगणना वा निवडणुकीचे काम नेमून देताना भर दुपारची फिरती शक्यतो टाळावी. ग्रामपंचायतीने शाळा व पाणवठ्याजवळचे गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी काढून घ्यावे आणि काढणाऱ्यांना हातमोजे द्यावेत.

औषधाच्या दुष्परिणामाचा संशय आल्यास तो कळवण्याची राष्ट्रीय व्यवस्था २०१० पासून अस्तित्वात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही माहिती देऊ शकतो. हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर असावा.

आणि कुजबुज सुरू झाली, तर गावातील शहाण्यासवरत्या माणसांनी तेथेच उभे राहून स्पष्ट सांगावे की हा आजार कोणाच्याही स्पर्शाने होत नाही. कुष्ठरोगाचा संशय असेल, तर त्याची तपासणी व उपचार शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य होतात. त्या रोगाच्या रुग्णालाही बहिष्काराची नव्हे, औषधाचीच गरज असते.

उपचार कारणाची वाट पाहत नाहीत

उदाहरणातील बाई पुन्हा उपचारांखाली आल्या. मूत्रपिंडांचा दाह वेळीच लक्षात आल्याने तो आवरता आला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठरल्या वेळी होऊ लागली आणि खाजेसाठी डॉक्टरांनी झोप न आणणारे औषध दिले. चट्टे पुढेही काही महिने उठत राहिले, विरळ झाले आणि एके दिवशी थांबले. ते कशामुळे उठले होते, हे अखेरपर्यंत कळले नाही. वर्ग मात्र चालू राहिला आणि काढून नेण्याच्या गोष्टी झालेली ती दोन मुलेही त्याच वर्गात बसून राहिली.

अशा रुग्णांना एवढेच सांगावयाचे आहे की, कारण सापडले नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही, आणि कारण सापडेपर्यंत उपचारही अडून राहत नाहीत. खाज कमी करता येते, मूळ आजारावर लक्ष ठेवता येते, धोक्याची चिन्हे ओळखता येतात. तेवढ्या बळावर दिवस नीट काढता येतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, शाळेने आणि पंचायतीने त्या दिवसांचा भार थोडा हलका करावा, ही अपेक्षा.